मोटारीचा गंज : झांकावा कीं काढावा ?

पावसाळ्यांत भिंतीला ओल आली, कीं दिवाळीच्या आधीं ती भिंत खरवडून तिला नवा रंग द्यावयाचा, आणि पुढच्या श्रावणांत त्याच जागीं तोच डाग पुन्हां उमटलेला पाहावयाचा, हा अनुभव आपल्याकडील बहुतेक घरांना आहे. दोष रंगाचा नसतो. पाणी ज्या फटींतून आंत येतें ती फट तशीच राहिलेली असते, आणि रंग हा फट बुजविण्याचा उपाय नव्हे. जुन्या मोटारीच्या पत्र्याची गोष्ट अगदीं अशीच आहे. फरक एवढाच, कीं भिंतीवरचा डाग नुसता डोळ्यांना खुपतो, तर मोटारीच्या पोटांतला गंज प्रसंगीं माणसाच्या जिवावर बेतूं शकतो.

वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें घेतलेली मोटार वर्षानुवर्षें ओट्याशेजारीं उभी असते. ती मोडींत घालण्यास कोणाचेंच मन होत नाहीं. एखादे दिवशीं घरांतील तरुण मंडळी तिचा जीर्णोद्धार करण्याचें मनावर घेतात. मग एक कारागीर येतो व पंधरा दिवसांत गाडी नव्यासारखी करून देण्याची हमी देतो. दुसरा येतो, गाडीखालीं आडवा होऊन पाहतो, आणि कित्येक महिन्यांची मुदत व पहिल्याच्या कितीतरी पट मजुरी सांगतो. घरच्यांना वाटतें, कीं दुसरा लुबाडतो आहे. पुष्कळदां खरें तें उलट असतें. पहिला गंज झांकणार असतो आणि दुसरा तो काढणार असतो. या दोन कामांतला भेद नीट समजला, म्हणजे पैसा कोणाच्या हातीं द्यावा हें ठरविणें सोपें जातें.

हा भेद समजण्यासाठीं आपल्या ओळखीची एक मोटार डोळ्यांपुढें ठेवूं. इटलींतील फियाट कंपनीनें १९५३ सालीं आपली ‘११००’ ही मोटार अगदीं नव्या बांधणीची करून बाजारांत आणली. मुंबईस वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीचा कारखाना कुर्ल्यास होता. तेथें ही मोटार तयार होऊं लागली. १९६४ सालीं तिचा ‘डिलाइट’ हा प्रकार निघाला, आणि तोच पुढें ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व त्यानंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवांनीं घरोघर पोंचला. मुंबईची काळी-पिंवळी टॅक्सी म्हटली, कीं अनेक वर्षें हीच गाडी डोळ्यांसमोर येई. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. टॅक्सी म्हणून मुंबईंत शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिनें त्या सेवेचा निरोप घेतला. आतां ज्या पद्मिनी व डिलाइट गाड्या उरल्या आहेत त्या बहुतांशीं घरगुती आहेत, व त्यांचें आयुष्य घरच्या माणसांच्या समजुतीवर अवलंबून आहे.

या गाडीच्या बांधणींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिच्याआधींच्या बहुतेक मोटारींची रचना बैलगाडीसारखी असे. बैलगाडीला खालीं जसा मजबूत साटा असतो, तशी त्या मोटारींना जाड लोखंडाची एक चौकट असे. इंजिन, चाकें व बॉडी त्या चौकटीवर बसविलेलीं असत. अशा गाडीच्या दाराचा पत्रा सडला तरी भार पेलणारी चौकट शाबूत राही. फियाट ११०० मध्यें अशी निराळी चौकट नाहीं. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, छप्पर, खांब आणि चाकांवरच्या कमानी हे सर्व भाग एकमेकांना जोडून त्यांचें एकच कवच बनविलेलें आहे, व सगळा भार तें कवचच उचलतें. काडेपेटीचें वरचें पोकळ टरफल हातांत घेऊन पाहावें. कागदाच्या मानानें तें बरेंच ताठ लागतें. त्याचीच एक कड कात्रीनें कापली, कीं तें लगेच लुळें पडतें. कागद तोच असतो, परंतु पेटीपण नाहींसें झालेलें असतें. दारांखालची पट्टी सडलेल्या पद्मिनीची अवस्था नेमकी हीच होते. वरून ती चकचकीत दिसेल, परंतु खड्ड्यांत चाक आदळल्यावर किंवा टक्कर झाल्यावर जो धक्का कवचानें वांटून घ्यावयाचा, तो वांटून घेण्यास तेथें धातुच उरलेला नसतो. म्हणून अशा मोटारीच्या बाबतींत गंज हा सौंदर्याचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आहे.

आतां गंज म्हणजे काय तें पाहूं. लोखंड खाणींतून निघतें तें शुद्ध धातूच्या रूपांत नसतें. प्राणवायूशीं संयोग पावलेल्या लाल-तपकिरी दगडांच्या रूपांत असतें. भट्टींत कोळसा जाळून माणूस तो प्राणवायु काढून घेतो. परंतु लोखंडाची प्रवृत्ति आपल्या मूळ रूपाकडे परत जाण्याची असते, आणि ओलावा व हवा हीं दोन्ही एकत्र मिळालीं कीं तें परतीच्या वाटेला लागतें. गंज चढणें तें हेंच. तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर बनतो तो घट्ट चिकटून खालच्या धातूचें रक्षण करतो. गंजाचा थर मात्र भुसभुशीत असतो. तो पापुद्र्यापापुद्र्यानें सुटतो, ओलावा धरून ठेवतो, व खालचें नवें लोखंड उघडें पाडतो. त्यामुळें गंज आपण होऊन थांबत नाहीं.

ही क्रिया विजेच्या घटासारखी चालते. एकाच पत्र्याचा एक भाग घटाचें एक टोक होतो, दुसरा भाग दुसरें टोक, आणि मधलें पाणी विजेला वाट करून देतें. शुद्ध पाण्यांतून वीज फार कमी वाहते. त्यांत मीठ असलें कीं ती सहज वाहते. म्हणूनच समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत गाड्या लौकर सडतात. युरोपांतील थंड देशांत रस्त्यांवरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, तेथेंही मोटारींची हीच दशा होते. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६० च्या वर गेली, कीं पाऊस न लागतांही उघड्या लोखंडावर गंज जोरानें चढूं लागतो. मुंबईंत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यांत हवेंतील आर्द्रता शेंकडा ८० च्याही वर असते. त्यांत समुद्राच्या मिठाची भर पडली म्हणजे गंजाला आणखी काय पाहिजे !

या क्रियेचा एक विशेष पुष्कळांना ठाऊक नसतो. पत्र्याचा जो भाग उघडा असतो व जेथें प्राणवायु भरपूर मिळतो, तेथलें लोखंड कमी झिजतें. ज्या ठिकाणीं हवा कमी पोंचते, म्हणजे चिखलाच्या थराखालीं, दोन पत्र्यांच्या सांध्यांत, रंगाच्या फुगवट्याखालीं, तेथलें लोखंड अधिक झिजतें. माणसाची समजूत बरोबर याच्या उलट असते. डोळ्यांआड असलेला भाग सुरक्षित आहे असें त्याला वाटतें, आणि गंज तर तेथेंच बसलेला असतो. शिवाय गंज मूळच्या लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगून दोन पत्र्यांचे सांधे उसवितो, आणि शेवटीं बाहेरच्या रंगावर लहानसा फोड दिसतो. पद्मिनीच्या मडगार्डावर किंवा दाराच्या खालच्या कडेला दिसणारा असा फोड हा पुष्कळदां गंजाचा आरंभ नसून शेवट असतो. पत्रा आंतून बाहेरपर्यंत खाल्ला गेल्याची ती खूण असते.

म्हणून कामाची पहिली पायरी परीक्षेची. तीस फार मोठ्या साधनांची गरज नाहीं. एक लहान लोहचुंबक पातळ कापडांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो घट्ट धरतो तेथें लोखंड आहे. जेथें तो ढिला पडतो किंवा गळून पडतो तेथें रंगाखालीं पुट्टी भरलेली आहे असें समजावें. बोटाच्या पेरानें पत्रा वाजवून पाहावा. चांगला पत्रा खणखणतो, पुट्टीनें भरलेला थपथपतो. यानंतर गाडींतील गालिचे व रबरी पायपोस काढून तळाचा पत्रा उघडा करावा, कारण त्यांच्याखालीं मुरलेलें पाणी महिनेन् महिने वाळत नाहीं. बॅटरीखालचें तबक, समोरच्या कांचेच्या रबराखालची खोबण, दारांचे तळ, डिकींतील जादा चाकाची जागा, चाकांवरच्या कमानींचा आंतला भाग, आणि जॅक लावण्याच्या जागा, हीं गंजाचीं ठरलेलीं घरें होत. गाडी उचलून दारांखालच्या पट्ट्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानें बेताचा दाब देऊन पाहावा. टोंक आंत गेलें तर वाईट वाटून घेऊं नये. तें भोंक त्या हत्यारानें पाडलेलें नसतें, अगोदरच पडलेलें असतें.

दुसरी पायरी पत्रा कापण्याची, आणि येथेंच चांगला व वाईट कारागीर यांची निवड होते. वाईट कारागीर सडक्या भागावर नवा पत्रा ठिगळासारखा चिकटवितो. झाळकाम करण्यास खालीं सकस धातु लागतो. गंजानें पातळ झालेल्या पत्र्यावर झाळ धरत नाहीं, आणि धरली तरी जुन्या व नव्या पत्र्यांच्या मध्यें जी फट राहते ती पाण्याची टांकीच बनते. चांगला कारागीर सडका भाग चकचकीत धातु लागेपर्यंत कापून टाकतो. दंतवैद्य किडलेला भाग पुरता कोरून काढल्यावांचून दातांत भर घालीत नाहीं, तोच नियम येथें आहे.

परंतु काडेपेटीची गोष्ट येथें पुन्हां आठवली पाहिजे. कवचाची एक बाजू कापतांच उरलेली गाडी वांकूं शकते, आणि वांकल्यावर दारें बसत नाहींत. यासाठीं कापण्यापूर्वीं गाडी सपाट जमिनीवर पक्क्या आधारांवर समतल ठेवावी लागते. दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या जोडून त्या ताठ कराव्या लागतात. मापें लिहून ठेवावीं लागतात. आणि एका वेळीं एकच बाजू कापावी लागते. मधून मधून दार लावून त्याच्या भोंवतालची फट सर्वत्र सारखी राहते कीं नाहीं, हें पाहत जावें लागतें. वेळ जातो तो या तयारींत, आणि मजुरी वाढते ती यामुळें. कामापूर्वीं बॅटरीची तार सोडणें व पेट्रोलची टांकी काढून दूर ठेवणें हें तर अगत्याचें आहे. रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां अधिक धोक्याची असते, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें स्फोटक मिश्रण सांठलेलें असतें.

मोटारीचा पत्रा एका मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यावर सलग झाळ मारीत गेल्यास उष्णतेनें तो पापडासारखा वांकडा होतो. म्हणून जाणता कारागीर एक टांका येथें तर दुसरा वीतभर दूर, अशा रीतीनें टांके घालतो, प्रत्येक टांका निवूं देतो, आणि मग मधल्या जागा भरीत येतो. शिवणकाम करणाऱ्या गृहिणी आधीं कच्चे टांके घालून मग शिलाई मारतात, त्यासारखेंच हें आहे.

पोचे काढण्याच्या कलेंतही असाच संयम लागतो. पत्र्याच्या मागें लोखंडी ठोकळा धरून समोरून हातोडीनें हलके हलके ठोकीत पत्रा मूळ वळणावर आणतात. पोचा पडतांना पत्रा ताणला जातो व त्याचें क्षेत्रफळ किंचित् वाढतें; त्यामुळें कितीही ठोकलें तरी तेथें फुगवटा राहतो. अशा वेळीं फुगवट्याचा नाण्याएवढा भाग लाल होईपर्यंत तापवून, ठोकळ्यावर चटकन् ठोकून, ओल्या फडक्यानें निवविला, कीं पत्रा आंखडतो. हें करण्यास हात कसलेला लागतो. तो नसला म्हणजे मग पुट्टीचा आश्रय घेतला जातो.

पुट्टी ही स्वतः वाईट वस्तु नाहीं. पूर्वीं या कामाला शिसें व कथील यांचें मिश्रण तापवून पत्र्यावर पसरीत व कानशीनें घासून सारखें करीत. हल्लींची पुट्टी हें काम स्वस्तांत करते. पत्रा नीट ठोकून झाल्यावर राहिलेला २-३ मिलिमीटरांपर्यंतचा उंचसखलपणा भरून काढण्यास ती योग्य आहे. परंतु भोंकावर जाळी लावून त्यावर बोटभर जाड पुट्टी थापणें म्हणजे वरून कीर्तन, आंतून तमाशा ! पुट्टी ओलावा शोषून घेते, आणि भार तर ती मुळींच पेलत नाहीं.

सर्वच पत्रा कापावा लागतो असें मात्र नाहीं. जेथें गंज वरवरचा आहे व धातूची जाडी कायम आहे, तेथें तो साफ करतां येतो. तारेचा ब्रश, खरकागद, व फिरत्या यंत्रावरील चकत्या यांनीं बहुतेक काम होतें. वाळूचा झोत मारून साफ करण्याची पद्धत जलद खरी, पण जोराच्या झोतानें बॉनेट किंवा छप्पर यांसारखे सपाट पत्रे वेडेवांकडे होतात, आणि वाळूची बारीक धूळ छातींत जाऊन फुप्फुसांना कायमची इजा करते. म्हणून जाणकार लोक वाळूऐवजीं दुसरे कण वापरतात व तोंडावर मुखवटा चढवितात.

खड्ड्याखड्ड्यांत जो गंज उरतो त्याच्यासाठीं रसायनें आहेत. चिंचेनें तांब्या-पितळेचीं भांडीं घासणाऱ्या घरांना आम्लाचा गुण निराळा सांगावयास नको. लिंबांतील आम्ल लोखंडाचा गंज विरघळवितें, आणि लहान सुटे भाग त्याच्या पाण्यांत बुडवून स्वच्छ करतां येतात. दुसरें आम्ल फॉस्फरसचें. तें गंज खाऊन लोखंडावर फॉस्फेटचा पातळ, चिकट थर बसवितें. दिल्लीजवळ मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर उभा असून फारसा गंजलेला नाहीं. त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण पुष्कळ असल्यामुळें पृष्ठभागावर असाच संरक्षक फॉस्फेटचा थर तयार झाला आहे, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेचेंही त्याला साहाय्य आहे. तिसरा उपाय टॅनिक आम्लाचा. जुन्या काळीं हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून काळी शाई करीत. हिरड्यांतील टॅनिन व हिराकसांतील लोखंड यांच्या संयोगानें तो काळा रंग येई. बाजारांत गंजावर लावण्याचें जें द्रव मिळतें व जें लावतांच तांबडा गंज काळा पडतो, त्यांतील पुष्कळ प्रकारांत हीच शाईची युक्ति असते. मात्र हीं औषधें उरल्यासुरल्या गंजासाठीं आहेत. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर तीं वरच्या वर राहतात, आणि खालीं रोग तसाच चालूं राहतो.

धातु स्वच्छ झाला, कीं त्याच दिवशीं त्यावर अस्तर चढवावें. दमट हवेंत एका रात्रींतही उघड्या पत्र्यावर तांबूस छटा येते. पूर्वीं लोखंडी पुलांना शेंदूर तेलांत कालवून त्याचें अस्तर देत. देवाच्या मूर्तीला फांसतात तोच हा शेंदूर, म्हणजे शिशाचा एक प्रकारचा भस्म. गंज रोखण्यांत तो उत्तम, पण शिसें विषारी असल्यामुळें त्याचा वापर आतां टाळतात, आणि जुना रंग खरवडतांना उडणारी धूळही म्हणूनच श्वासावाटे आंत जाऊं देऊं नये. खिडक्यांच्या गजांना आपण जें तांबडें अस्तर देतों त्यांतील रंग गेरूच्याच जातीचा असतो. असें साधें अस्तर सच्छिद्र असतें. त्यांतून ओलावा आंत जातो. ‘अस्तर झालें, रंग पावसाळ्यानंतर देऊं’ म्हणून गाडी तशीच ठेवली, तर रंगाखालीं नव्या गंजाचें बीं पेरल्यासारखें होतें. यासाठीं उघड्या पत्र्यावर इपॉक्सी जातीचें, ओलावा अडविणारें अस्तर पसंत करतात. कांहीं ठिकाणीं जस्तयुक्त अस्तर देतात. जस्त लोखंडाच्या आधीं स्वतः झिजतें व लोखंडाला वांचवितें. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या टिकतात त्या याच गुणामुळें.

अस्तरानंतर सांधे लवचीक लुकणानें बुजवावे व मग रंग द्यावा. पण रंग पोंचतो तो दिसणाऱ्या भागांपर्यंत. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांच्या आंत ब्रश जात नाहीं, आणि झाळकामाच्या उष्णतेनें आंतला उरलासुरला रंगही जळालेला असतो. या पोकळ्यांत लांब नळीनें मेणयुक्त तेलाचा फवारा मारतात. तें पातळ असतांना सांध्यांत झिरपतें व मागाहून मऊ पडदा होऊन राहतें. हें काम बाहेरून दिसत नाहीं, म्हणून पुष्कळदां गाळलें जातें. परंतु गाडीचें आयुष्य वाढविण्यांत रंगाइतकाच त्याचा वांटा आहे. तळाला डांबरासारखा जाड थर देण्याची जी रूढी आहे ती विचारानें पाळावी. नवा असतांना तो रक्षण करतो. वाळून तडकल्यावर त्याच्यामागें पाणी अडकतें, आणि पत्रा न दिसतां सडत जातो.

पाण्याला वाट ठेवणें ही या सगळ्या कामांतील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. दारांच्या तळाशीं व पट्ट्यांच्या खालच्या अंगाला कारखान्यानेंच बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. कांचेच्या कडेनें दारांत उतरलेलें पावसाचें पाणी त्यांतून बाहेर पडावें, हा हेतु. चिखल, पुट्टी किंवा रंग यांनीं हीं भोंकें बुजलीं म्हणजे दार पाण्यानें भरलेली पखाल होतें. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, तारेनें तीं मोकळीं करावींत. कोंकणाच्या किनाऱ्यावरून गाडी आली, कीं तिचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा. धुतल्यावर लगेच ती बंद जागेंत ठेवूं नये. वाऱ्यावर वाळूं द्यावी. हवा न खेळणारें प्लास्टिकचें आच्छादन अंगाला लपेटून गाडी चार महिने ठेवणें म्हणजे तिला ओल्या कपड्यांत गुंडाळून ठेवणें होय. वर छप्पर, बाजूंनीं वारा, व खालीं कोरडी फरशी, एवढें मिळालें तर उत्तम.

कायद्याचाही थोडा विचार हवा. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षें झालेल्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं खास नियम केले आहेत, व त्यांना निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो. सांगाडा, बॉडीचें कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी त्या सवलतीस पात्र ठरत नाहीं. तेव्हां दुरुस्तीच्या नांवाखालीं गाडीचें रूपच बदलण्याचा मोह टाळणें हें कायद्याच्याही दृष्टीनें हिताचें आहे. जुन्या पत्र्याच्या वळणाचा नवा पत्रा जुन्या जागीं बसविणें हा जीर्णोद्धार. मनास येईल तें नवें रूप देणें हा निराळा व्यवहार.

शेवटीं प्रश्न उरतो पैशाचा व विश्वासाचा. सर्वसामान्य कुटुंबानें काम सुरू करण्यापूर्वीं केवळ परीक्षेसाठीं कारागिराला पैसे देऊन गाडी उघडून घ्यावी, आणि मगच खर्चाचा अंदाज मागावा. पत्रा उघडण्यापूर्वीं दिलेला अंदाज अंदाजच राहतो. रक्कम एकदम हातीं नसेल, तर आधीं तळ, पट्ट्या व सांधे यांचें काम पुरें करावें, आणि चकचकीत रंग पुढच्या वर्षावर टाकावा. बहुतेक ठिकाणीं याच्या उलट क्रम चालतो, व म्हणून बहुतेक ठिकाणीं पैसे दोनदां खर्च होतात. प्रत्येक टप्प्याचीं छायाचित्रें काढून ठेवण्याची अट घालावी : सडका भाग कापलेला, नवा पत्रा बसविलेला, पुट्टी लागण्यापूर्वींचा. प्रामाणिक कारागिराला या अटीचा राग येत नाहीं. उलट रंगाखालीं कायमचें दडून जाणारें आपलें कष्टाचें काम कोणी पाहिलें, याचें त्याला समाधान वाटतें. पुढें कधीं गाडी विकावयाची झाली, तर घेणाऱ्यालाही त्याच छायाचित्रांचा आधार होतो. पुट्टीनें सजविलेली गाडी विकणें म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या स्वाधीन करणें होय, आणि सभ्य माणसाला तें शोभत नाहीं.

क्वचित् असेंही होतें, कीं परीक्षेंत कवचाचा बहुतेक भाग गेलेला आढळतो, आणि खर्च कुटुंबाच्या आवांक्याबाहेर जातो. अशा वेळीं गाडी स्वच्छ करून, गंज थोपवून, आठवण म्हणून दारांत उभी ठेवावी. तिला रस्त्यावर नेऊं नये. ज्या गाडींतून वडिलांनीं मुलांना शाळेंत पोंचविलें, तिच्यांत नातवंडांना बसवावयाचें असेल, तर आधीं तिच्या अंगचें लोखंड खरें आहे याची खात्री करून घेणें हें वडिलांच्या आठवणीचेंही जतन आहे.